सौम्य पक्षाघातानंतर बिघडलेली झोप : तपासण्या, उपचार आणि अनुभव

कृष्णाकाठ (धागालेखिका)

नमस्कार. माझ्या वडिलांना यंदाच्या पावसाळ्यात सौम्य पक्षाघाताचा झटका आला. त्यांचे वय एकसष्ट आहे, तासगावात शिलाईचे दुकान आहे आणि रक्तदाबाच्या गोळ्या बऱ्याच वर्षांपासून चालू आहेत. सकाळी उठल्यावर डाव्या हातातून चहाचा कप निसटला आणि बोलणे जड झाले, एवढे पाहून भावाने त्यांना लगेच सांगलीला नेले. एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला खोलवर एक लहान रक्तवाहिनी बंद झाल्याचे दिसले. चार दिवसांत ते घरी आले. चालणे व्यवस्थित आहे, बोलणे जवळपास पूर्ववत झाले आहे, डाव्या हाताच्या बोटांची पकड तेवढी कमी आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण "थोडक्यात निभावले" असेच म्हणतो.

अडचण निराळीच आहे आणि ती कोणत्याही रिपोर्टमध्ये दिसत नाही. घरी आल्यापासून बाबांच्या झोपेची घडी पार विस्कटली आहे. रात्री साडेनऊला ते अंथरुणाला पाठ टेकतात, तासा-दीड तासात दचकून उठतात, लघवीला जाऊन येतात आणि पुन्हा डोळा लागतो न लागतो तोच परत जागे होतात. पहाटे तीननंतर तर ते बाहेरच्या खोलीत येऊन बसलेलेच असतात. दिवसा मात्र वर्तमानपत्र हातात घेतल्या घेतल्या मान खाली जाते. चिडचिड वाढली आहे, नावे आठवत नाहीत, आणि दुपारचा व्यायाम "आज नको" म्हणून टळतो.

दुकानात बसण्याची त्यांना फार ओढ आहे. नुकतीच त्यांनी मशीनवर एक साधी उशीची खोळ शिवायला घेतली होती. सुईखाली कापड सरकताना ते डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने ताणून धरावे लागते. ती पकड दर वीतभर अंतरावर सुटत होती आणि शिलाई तिरकी जात होती. ज्या रात्री झोप बरी लागते, तिच्या दुसऱ्या दिवशी तीच शिलाई पुष्कळ सरळ येते, असे माझ्या लक्षात आले आहे. यात काही तथ्य आहे का, हे मला जाणून घ्यायचे आहे.

आणखी एक गोष्ट म्हणजे बाबा पूर्वीपासून घोरतात. आई सांगते की मध्येच घोरणे एकदम थांबते, काही वेळ काहीच आवाज येत नाही, आणि मग घुसमटल्यासारखा मोठा श्वास घेऊन ते पुन्हा सुरू होते. घोरणारा माणूस ढाराढूर झोपतो असे आमच्याकडे सगळेच समजतात, त्यामुळे हे डॉक्टरांच्या कानावर कधी गेलेलेच नाही. शेजारच्या काकांनी त्यांच्याकडची अल्प्राझोलमची, म्हणजे झोप आणणाऱ्या गोळ्यांची, पट्टी देऊ केली आहे. ती द्यावी का? आणि ही झोप काही महिन्यांत आपोआप रुळावर येते का? जाणकारांनी आणि अनुभव असलेल्यांनी कृपया लिहावे.

सह्यकडा

मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे. रुग्ण न पाहता निदान करता येत नाही, तरी आपण जे लिहिले आहे त्यावरून काही गोष्टी ठामपणे सांगता येतील.

पहिली आणि सर्वांत तातडीची गोष्ट म्हणजे शेजाऱ्यांची गोळी देऊ नका. अल्प्राझोलम हे शेड्यूल एच-वन मधले औषध आहे, म्हणजे औषध दुकानदाराने ते चिठ्ठीशिवाय देऊ नये आणि दिल्याची वेगळी नोंद ठेवावी असा नियम आहे. तो उगाच केलेला नाही. या गटातील औषधांनी घशाचे स्नायू आणखी सैलावतात, श्वास अडकण्याचा त्रास असेल तर तो वाढतो, रात्री लघवीला उठताना तोल जातो, आणि पक्षाघातातून सावरणाऱ्या मेंदूच्या नव्याने शिकण्याच्या क्षमतेवरही त्यांचा विपरीत परिणाम होऊ शकतो. पकड आधीच कमी असलेल्या हातावर माणूस पडला तर मनगट किंवा खुबा मोडतो, आणि मग सौम्य पक्षाघात सौम्य राहत नाही.

दुसरी गोष्ट, आईंनी केलेले वर्णन अतिशय मोलाचे आहे. घोरणे, मध्येच शांतता, मग घुसमटून श्वास, रात्री वारंवार लघवी, दिवसा पेंग आणि बऱ्याच वर्षांचा रक्तदाब, हे सगळे एकत्र असेल तर निद्राश्वसनरोधाचा, म्हणजे स्लीप ॲप्नियाचा, संशय घेतलाच पाहिजे. झोपेत घशाची वाट मिटते, किमान दहा सेकंद हवा आत जात नाही, रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होऊन वाट उघडतो, आणि हे रात्रभर चालते. रुग्णाला यातले बहुतेक वेळा काहीच आठवत नाही. पक्षाघात झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांमध्ये हा विकार कमीअधिक प्रमाणात आढळतो, आणि त्यातल्या बहुतेकांना तो पक्षाघाताच्या आधीपासूनच असतो. तो रक्तदाब चढता ठेवतो, हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतो, आणि म्हणून पक्षाघाताच्या कारणांमध्येही त्याची गणना होते. रात्रीच्या लघवीचाही त्याच्याशी संबंध आहे: बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीत जो ताण निर्माण होतो, त्यामुळे हृदयातून एक संप्रेरक स्रवते आणि मूत्रपिंडे जास्त लघवी तयार करतात. त्यामुळे प्रोस्टेटचे औषध सुरू करण्याआधी श्वासाची तपासणी झालेली बरी. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारा घटक आहे का आणि ती गोळी रात्री घेतली जाते का, हेही डॉक्टरांना विचारा. वेळ मात्र परस्पर बदलू नका.

आईंना एक काम सांगा. बाबा उताणे झोपलेले असताना मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचे चित्रण करायचे, छाती आणि चेहरा दिसेल असे, आवाजासह. बाह्यरुग्ण विभागात वर्णन ऐकण्यापेक्षा ते चित्रण पाहून डॉक्टरांना लगेच अंदाज येतो. त्यानंतर झोपेची चाचणी होते. हल्ली ती घरीही करता येते: बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा, नाकाशी नळी, छातीला पट्टा, आणि रात्रभर नोंद. तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला, त्याचा आकडा मिळतो. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि 30 च्या वर तीव्र असे धरतात.

आता बाकीच्या शक्यता. पक्षाघातानंतर सुमारे एकतृतीयांश रुग्णांना निद्रानाशाचा त्रास होतो आणि साधारण तेवढ्याच जणांना नैराश्य येते; पहाटे तीनला जाग येणे, चिडचिड आणि "आज नको" हे नैराश्याचेही लक्षण असू शकते, म्हणून त्याविषयी मोकळेपणाने विचारले पाहिजे. मेंदूच्या मध्यभागातील थॅलॅमस या केंद्राला इजा झाली असेल तर उलट अतिझोप येते. काही रुग्ण सुरुवातीला दिवसाचा मोठा भाग झोपून काढतात आणि आठवड्यामहिन्यांनी सुधारतात. पाय अस्वस्थ होऊन सतत हलवावेसे वाटणे हा आणखी एक प्रकार. त्यात शरीरातील लोहाचा साठा तपासावा लागतो. त्याशिवाय थकवा निराळा. पेंग येणारा माणूस संधी मिळताच झोपी जातो; थकलेल्या माणसाला आडवे व्हावेसे वाटते, पण पडल्यावर झोप येतेच असे नाही. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत, म्हणून तक्रार सांगताना हा फरक नीट सांगावा.

आपोआप रुळावर येईल का, याचे उत्तर असे की निद्रानाश पुष्कळांचा कालांतराने कमी होतो, अतिझोपही कमी होते. अडकणारा श्वास मात्र वाट पाहून जात नाही.

गोदातीर

मी नाशिकला फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. धागालेखिकेने शिलाईबद्दल जे लिहिले आहे, ते वाचून मला फार बरे वाटले, कारण घरच्यांचे इतके बारीक लक्ष क्वचितच असते. आपले निरीक्षण योग्य दिशेचे आहे. दिवसा हाताने जी हालचाल घोटवून घेतली, तिची पक्की नोंद मेंदू झोपेत करतो. पक्षाघात झालेल्या व्यक्तींना एखादे हस्तकौशल्य शिकवून, मध्ये झोप मिळालेल्यांची आणि तेवढाच वेळ जागे राहिलेल्यांची तुलना केलेली आहे. झोप मिळालेल्यांचे कौशल्य मधल्या काळात सराव न करताही सुधारले, जागे राहिलेल्यांचे तसे सुधारले नाही. म्हणून झोप बिघडलेल्या रुग्णाकडून मी व्यायामाची आवर्तने वाढवून घेत नाही, आधी झोपेचा पाठपुरावा करायला सांगते. रुग्ण आळशी झाला, प्रयत्न करत नाही, असे घरचे म्हणू लागतात तेव्हा बहुधा त्याची रात्र कुणी विचारलेली नसते. हा दोष त्या माणसाच्या माथी मारला जातो, याचे मला फार वाईट वाटते.

आपल्या वडिलांसाठी व्यायाम सकाळी ठेवा, न्याहारीनंतर तासाभराने, जेव्हा ते सर्वांत ताजेतवाने असतात. एकदम पाऊण तास घेण्याऐवजी पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे करा. कापड धरण्याचा सराव मशीनवर करू नका, टेबलावर करा: आधी जाड मांजरपाट, मग पॉपलिन, मग गुळगुळीत अस्तर. सुई चालू असताना पकड सुटली तर बोटाला इजा होईल.

रात्री डावा खांदा दुखतो का, हेही विचारा. अशक्त बाजूचा हात अंगाखाली दबला किंवा लोंबकळत राहिला तर दुखून जाग येते आणि रुग्ण नुसते "झोप लागत नाही" एवढेच सांगतो. उजव्या कुशीवर झोपवून, छातीसमोर उशी ठेवून, तिच्यावर डावा हात खांद्यापासून बोटांपर्यंत टेकलेला राहील असा ठेवावा. उताणे झोपल्याने अनेकांचा श्वास जास्त अडकतो, त्यामुळे कुशीवर झोपण्याचा तिथेही उपयोग होतो.

जुना वाडा

मी स्वतः या अनुभवातून गेलो आहे. निवृत्त शिक्षक आहे, पुण्यात राहतो. माझा झटकाही सौम्यच होता आणि माझीही तपासणी झाली. माझा श्वास अडकत नव्हता. माझी झोप भीतीने उडाली होती. झटका पहाटे झोपेत आला होता, त्यामुळे डोळे मिटले की पुन्हा तसेच होईल आणि या वेळी जाग येणारच नाही, असे वाटायचे. हे मी घरी कुणाला सांगितले नाही, कारण सगळे माझ्यासमोर इतके आनंदी असायचे की त्यांच्या आनंदावर विरजण घालवेना. आपले वडीलही पहाटे बाहेर येऊन बसतात असे वाचले, आणि त्यांचाही झटका झोपेतच आलेला दिसतो. त्यांना एकदा निवांत वेळी विचारा, सगळ्यांसमोर नको.

मला ज्या मानसोपचारतज्ज्ञांनी मदत केली, त्यांनी निद्रानाशासाठीची वर्तनोपचाराची पद्धत वापरली. तिची सुरुवात फार कठीण जाते, हे आधीच सांगतो. उठण्याची वेळ एकच, रात्र कशीही गेली तरी. अंथरुणात केवळ झोपायला जायचे आणि डोळे जड झाल्यावरच जायचे. मी नऊ वाजता आडवा होत असे आणि अकरापर्यंत छताकडे पाहत असे; त्यांनी मला अकरापर्यंत खुर्चीतच बसायला लावले. वीस-पंचवीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या जागी बसायचे, मंद दिव्यात काहीतरी साधे वाचायचे, आणि पेंग आली की परत यायचे. घड्याळ भिंतीवरून काढायचे. अशक्त पायाने रात्री उठबस धोक्याची असल्यामुळे खुर्ची पलंगाला लागूनच ठेवली होती आणि न्हाणीघरापर्यंत जमिनीलगत दिवे लावून घेतले होते. पहिले काही दिवस मी अधिकच थकलो, नंतर हळूहळू झोप एकसंध होऊ लागली. गोळी माझ्याकडे होती, डॉक्टरांनीच दिलेली आणि थोड्या दिवसांसाठी. ती त्यांच्या देखरेखीखाली कमी करत बंद केली.

चहाचे तेवढे लिहितो. दुपारी चारचा चहा सोडणे मला औषधांपेक्षा अवघड गेले, पण चहा-कॉफीतील कॅफीन निम्मे उतरायलाच पाच तासांच्या आसपास लागतात, हे समजल्यावर सोडला.

अबोली

माझ्या यजमानांना मशीन लागले आहे, म्हणून त्या बाजूचे लिहिते. चाचणीत श्वास अडकत असल्याचे निघाले तर बहुधा सीपॅप सुचवतात. ते यंत्र मुखवट्यातून हलक्या दाबाने हवा सोडते आणि घशाची वाट उघडी ठेवते. पहिल्याच रात्री माणूस वैतागतो आणि "हे माझ्याने होणार नाही" म्हणतो. तिथे घरच्यांनी धीर धरावा. आम्ही ते आधी संध्याकाळी टीव्ही पाहताना अर्धा तास लावायचो, मग रात्री. विकत घेण्याआधी भाड्याने मिळते का, ते विचारा. मुखवटा तोंडावर बसवून, आडवे झोपवून, कूस बदलून पाहा. पक्षाघाताने ओठाची एक बाजू सैल असेल तर नाकापुरत्या मुखवट्यात तोंडातून हवा निसटते, तेव्हा पूर्ण मुखवटा लागू शकतो. आणि पट्ट्या एका हाताने लावता-काढता आल्या पाहिजेत. दुकानदार दोन्ही हातांनी लावून दाखवतो आणि घरी आल्यावर रुग्णाला ते जमत नाही. चुंबकाच्या अडकवणीचे मुखवटे मिळतात, मात्र शरीरात पेसमेकर किंवा मेंदूत धातूची क्लिप असल्यास ते वापरायचे नसतात.

वीज जाण्याची सोय आधीच करा. आमच्याकडे इन्व्हर्टरवर चालते, पण ओलाव्याची टाकी गरम करणारा भाग बरीच वीज खातो, म्हणून वीज गेल्यावर तो बंद ठेवायचा. टाकीत डिस्टिल्ड पाणी घालावे, रोज सकाळी ओतून टाकी वाळवावी, नाहीतर बुरशी धरते.

कृष्णाकाठ (धागालेखिका)

सर्वांची मनापासून आभारी आहे. आईने केलेले चित्रण डॉक्टरांनी पाहिले आणि लगेच चाचणी लिहून दिली. ती घरीच झाली. तासाला 34 वेळा श्वास अडकतो आणि प्राणवायू 79 टक्क्यांपर्यंत खाली जातो, असे निघाले. यंत्र भाड्याने आणले आहे. जुना वाडा काकांनी लिहिल्याप्रमाणे मी बाबांना एकटे गाठून विचारले, ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "तुझ्या आईला सांगू नकोस, मला रात्रीची भीती वाटते." डॉक्टरांच्या कानावर तेही घातले आहे आणि समुपदेशन सुरू होते आहे.

माझा प्रश्न सह्यकडा यांना आहे. या यंत्राने दुसरा झटका टळतो, असे बाबांना सांगितले तर ते नक्की वापरतील. तसे सांगावे का?

सह्यकडा

तसे सांगू नका, कारण ते तितक्या खात्रीने सिद्ध झालेले नाही आणि पुढेमागे त्यांचा आपल्यावरचा विश्वास उडेल. 2016 साली सेव्ह या नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भारतासह सात देशांतील 2,717 रुग्ण होते, सर्वांना हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार आणि मध्यम ते तीव्र ॲप्निया होता. सीपॅप दिलेल्या गटात हृदयविकार, पक्षाघात आणि मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण कमी झाले नाही. मात्र दिवसाची पेंग कमी झाली, मनःस्थिती सुधारली आणि कामावरच्या रजा घटल्या. त्या रुग्णांनी यंत्र रात्रीतून सरासरी 3.3 तासच वापरले होते, हेही ध्यानात घ्यावे. पुरेसे तास वापरणाऱ्यांना अधिक संरक्षण मिळते का, यावर तज्ज्ञांत अजून चर्चा चालू आहे. मी माझ्या रुग्णांना रात्रीतून किमान चार तासांपासून सुरुवात करून पूर्ण झोपेइतके वापरायला सांगतो.

बाबांना खरे तेच सांगा: यंत्राने रात्रीची घुसमट थांबेल, दिवसा डोके हलके राहील, रक्तदाब काहीसा आटोक्यात यायला मदत होईल आणि हाताच्या सरावाला बळ मिळेल. दुसरा झटका टाळण्याचा भार रक्त पातळ ठेवणारी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, रक्तदाब आणि तंबाखूपासून दूर राहणे यांवरच आहे. त्यातली एकही गोष्ट यंत्र आले म्हणून सुटता कामा नये. दिवसाची पेंग पुरती जाईपर्यंत त्यांनी मोटारसायकल चालवू नये.

आणि एक सावधगिरी. नेहमीची पेंग वेगळी आणि हलवूनही नीट जागे न होणे वेगळे. अचानक तसे झाले, सोबत तीव्र डोकेदुखी, उलटी, बोलण्यात घोळ किंवा नवी अशक्तता असेल, तर झोप म्हणून सोडून न देता 108 ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे.

कृष्णाकाठ (धागालेखिका)

स्पष्ट लिहिल्याबद्दल आभार. जसे आहे तसेच सांगितले. बाबा म्हणाले, "डोके हलके राहणार असेल तर एवढेही पुष्कळ झाले." काल त्यांनी पहिल्यांदा मध्यरात्रीनंतरही मुखवटा काढला नाही. गोदातीर ताई, दुपारी जेवणानंतर त्यांना पडावेसे वाटते. पडू द्यावे का?

गोदातीर

जरूर पडू द्या, पण दुपारी तीनच्या आत, अर्ध्या तासाचा गजर लावून, आणि यंत्र लावूनच, कारण दुपारच्या झोपेतही श्वास अडकतोच. उठल्यावर तोंड धुवून दहा मिनिटे उजेडात चालायचे आणि मग मांजरपाटाचा सराव. पॉपलिनवर कधी जायचे, ते पकड किती वेळ टिकते हे पाहून ठरवू. दर रविवारी सलग किती वेळ कापड धरता आले ते मिनिटांत लिहून इथे कळवत जा.